गॉसन

गॉसन : धातूंची सल्फाइडी खनिजे असलेल्या निक्षेपाचा भूपृष्ठालगतचा भाग हवा व पाणी यांच्या दीर्घकालीन क्रियेने कुजून गेल्यावर मागे उरणारे, लोहाच्या सजल ऑक्साइडांनी समृद्ध, सच्छिद्र आणि गंजल्यासारखे दिसणारे शिलावरण. निक्षेपाच्या माथ्यावर ते टोपीसारखे बसलेले असते, म्हणून जर्मन व फ्रेंच खाणकामगारांनी त्याला ‘लोखंडी टोपी’ अशा अर्थाची नावे दिली आहेत. गॉसन हा शब्द इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाकडील कॉर्नवॉल परगण्यातील खाणकामगारांचा असून तो कॉर्निश भाषेतील गंज या अर्थाच्या शब्दावरून आला असावा. या शब्दाचे नाते त्याच भाषेतील रक्तवाचक शब्दाशीही जोडले जाते. लॅटिन अमेरिकेतील स्पॅनिश भाषक खाणवाले अशा दृश्यांशांना ‘कोलोरादोस’ म्हणजे ‘तांबडे’ म्हणतात. दगडाचा रंग पिवळट तपकिरीपासून विटकरी, किरमिजी व क्वचित काळ्यापर्यंत असतो. तो हाताला हलका लागतो आणि पुष्कळदा मधाच्या पोळ्यासारखा पोकळ दिसतो.

गॉसनाला स्वतःचे मोल बहुधा थोडेच असते. त्यात लोह भरपूर असले, तरी सिलिका, गंधकाचे अवशेष व इतर अशुद्धी यांमुळे लोखंडाचे धातुक (कच्ची धातू) म्हणून ते क्वचितच वापरले गेले आहे. त्याचे महत्त्व ते ज्याची खूण आहे त्यामुळे आहे. मात्र ही खूण सरळ वाचता येत नाही. ज्या धातूसाठी खाण काढावयाची, तीच धातू पुष्कळदा गॉसनातून जवळजवळ पूर्णपणे धुऊन गेलेली असते आणि खाली जे विपुल आहे त्याचा वर मागमूस नसतो. यामुळे गॉसनाचे आमापन करून त्यावरून खालच्या धातुकाची प्रत ठरविणे आणि नुसता तांबडा दगड पाहून भांडवल गुंतविणे, या दोन्ही गोष्टी खाणधंद्यात अनेकांना महाग पडल्या आहेत.

निर्मिती : बहुतेक सल्फाइडी निक्षेपांत पायराइट हे लोहाचे सल्फाइड मोठ्या प्रमाणात असते. त्यात वजनाने सु. ४७ टक्के लोह व ५३ टक्के गंधक असतो. ऑक्सिजन पोहोचत नाही अशा खोलीवर हे खनिज कोट्यवधी वर्षे जसेच्या तसे राहते. वरचे खडक झिजून ते भूपृष्ठाजवळ आले म्हणजे मुरणाऱ्या पावसाच्या पाण्यात विरघळलेल्या ऑक्सिजनाची त्याच्यावर क्रिया होते व फेरस सल्फेट आणि सल्फ्यूरिक अम्ल ही तयार होतात. फेरस सल्फेटाचे पुढे ऑक्सिडीभवन होऊन फेरिक सल्फेट बनते. ते स्वतः प्रबळ ऑक्सिडीकारक असल्यामुळे पायराइटावर व शेजारच्या तांबे, जस्त, शिसे यांच्या सल्फाइडांवर क्रिया करते, म्हणजे ही विक्रिया एकदा सुरू झाली की स्वतःच्याच उत्पादनांच्या बळावर पुढे सरकत राहते. अम्लता कमी झाली की फेरिक लोह विद्रावात टिकत नाही. त्याचे जलीय विच्छेदन होऊन गोएथाइट हे सजल ऑक्साइड साक्याच्या रूपात साचते. जर्मन कवी ग्योटे यांना खनिजविज्ञानाची आवड होती व वायमार संस्थानातील खाणींची देखरेखही त्यांच्याकडे होती. त्यांच्या गौरवार्थ या खनिजाला १८०६ मध्ये हे नाव देण्यात आले. गोएथाइट व तत्सम सजल ऑक्साइडे यांच्या मिश्रणाला व्यवहारात लिमोनाइट म्हणतात. गॉसनाचा मुख्य घटक तोच होय. त्याच्या जोडीला हेमॅटाइट, जारोसाइट, मँगनिजाची ऑक्साइडे आणि न विरघळलेले क्वॉर्ट्झ असते.

अम्लीय पाण्यात फेरस लोहाचे ऑक्सिडीभवन आपोआप होण्यास फार काळ लागतो. निसर्गात ते वेगाने होते याचे कारण १९४७ मध्ये कळू लागले. त्या वर्षी कोळशाच्या खाणीतून झिरपणाऱ्या अम्लीय पाण्यात लोहाच्या ऑक्सिडीभवनातून ऊर्जा मिळविणारा जीवाणू सापडला. त्याला थिओबॅसिलस फेरोऑक्सिडन्स असे नाव मिळाले व २००० पासून त्याची प्रजाती ॲसिडिथिओबॅसिलस मानली जाते. असे जीवाणू या विक्रियेचा वेग कित्येक लक्ष पटींनी वाढवू शकतात. त्यामुळे गॉसन हे केवळ रासायनिक नव्हे, तर अंशतः जैव क्रियेचे फलित आहे असेच म्हणावयास हवे. या क्रियेला आणखी एक अंग आहे. सल्फाइडी धातुकाचा पिंड बहुधा विद्युत् संवाहक असतो. त्याचे वरचे टोक ऑक्सिजनयुक्त पाण्यात व खालचे ऑक्सिजनरहित पाण्यात असल्याने तो एखाद्या प्रचंड विद्युत् घटासारखा वागतो. रॉबर्ट वेअर फॉक्स यांनी १८३० मध्ये कॉर्नवॉलच्या तांब्याच्या खाणींत असे नैसर्गिक विद्युत् प्रवाह प्रत्यक्ष मोजले होते. त्यांचे पटण्याजोगे स्पष्टीकरण मात्र सातो व मूनी यांनी १९६० मध्ये दिले. या प्रवाहांमुळे भूपृष्ठावर निर्माण होणारे वर्चस् मोजून झाकलेले धातुकपिंड शोधण्याची पद्धत आजही वापरात आहे.

धातूंची वाटचाल : ऑक्सिडीभवनात मुक्त झालेल्या सर्व धातू सारख्या वागत नाहीत. जस्ताचे सल्फेट पाण्यात सहज विरघळते, म्हणून जस्त सर्वांत आधी व सर्वांत दूर निघून जाते. चुनखडक किंवा डोलोमाइट जवळ असेल, तरच त्याचा काही भाग स्मिथसोनाइट या कार्बोनेटाच्या रूपात अडतो. याच्या अगदी उलट वर्तन शिशाचे असते. त्याची सल्फेट (अँग्लेसाइट) व कार्बोनेट (सेरुसाइट) ही लवणे जवळजवळ अविद्राव्य असल्याने गॅलेनाच्या कणाभोवतीच त्यांचे कवच बनते व शिसे बहुतांशी जागेवर राहते. कोरड्या प्रदेशात क्लोराइडयुक्त पाणी असेल, तर चांदी क्लोराइडाच्या रूपात गॉसनात अडकते. सोने बहुधा मागे उरते आणि इतर द्रव्य निघून गेल्यामुळे त्याचे प्रमाण वाढते. निरुपयोगी वाटणारी गॉसने काही ठिकाणी सोन्यासाठी खणली गेली, ती यामुळेच.

तांब्याचा प्रवास सर्वांत मनोवेधक आहे. वरच्या भागातून ते कॉपर सल्फेटाच्या रूपात खाली उतरते. वाटेत कार्बोनेट मिळाल्यास हिरवे मॅलॅकाइट व निळे अझुराइट तयार होतात. गंजलेल्या दगडावरचे हे हिरवे-निळे डाग प्राचीन काळापासून तांब्याचा माग काढणाऱ्यांच्या ओळखीचे आहेत. उरलेले तांबे भूमिजल पातळीखाली जेथे ऑक्सिजन नाही तेथे पोहोचले म्हणजे तेथील पायराइट व चॅल्कोपायराइट यांच्यातील लोहाची जागा घेते. चॅल्कोपायराइटात ३४.६ टक्के तांबे असते. त्याच्या जागी कोव्हेलाइट (६६.५ टक्के) व चॅल्कोसाइट (७९.८ टक्के) ही खनिजे बनतात. अशा प्रकारे झिजून गेलेल्या शेकडो मीटर जाडीच्या खडकातील तांबे एका थरात गोळा होते. वरचे गॉसन, त्याखालील ऑक्सिडीभूत भाग, मग द्वितीयक समृद्धीचा थर व सर्वांत खाली न बदललेले प्राथमिक धातुक असा उभा क्रम त्यातून तयार होतो. एरिट्रियातील बिशा येथील खाणीत हा क्रम उत्पादनाच्या वर्षांतूनच वाचता येतो. तेथे २०११ मध्ये वरच्या ऑक्सिडीभूत भागातील सोने-चांदीपासून सुरुवात झाली, २०१३ च्या अखेरीस समृद्ध थरातील तांब्याचे उत्पादन होऊ लागले आणि २०१६ पासून प्राथमिक धातुकातील जस्त काढले जाऊ लागले.

समृद्ध थर मोलाचा असला, तरी तो कायमचा नसतो, हे अमेरिकेच्या टेनेसी राज्यातील डकटाउन येथे प्रथम मोठ्या प्रमाणावर अनुभवास आले. १८४० नंतरच्या दशकात सोन्याच्या शोधात आलेल्यांना तेथे तांबड्या लोहमय दगडाचे मोठे दृश्यांश दिसले. त्यांखाली चॅल्कोसाइटयुक्त काळ्या, अतिशय संपन्न धातुकाचा थर निघाला व १८५० नंतर तेथे अनेक कंपन्या धावून आल्या. परंतु हा थर पातळ होता. तो संपल्यावर खाली कमी प्रतीचे, वितळविण्यास अवघड असे सल्फाइडी धातुक लागले आणि वरच्या थराच्या प्रतीवरून मांडलेले हिशेब कोलमडले. पुढे तेथील गॉसनच लोखंडासाठी खणण्यात आले, हा अपवाद उल्लेखनीय आहे.

हवामान व भूस्वरूप : चांगले गॉसन तयार होण्यास उष्ण हवामान, आलटून पालटून येणारे ओले व कोरडे ऋतू, भूमिजल पातळीचे सावकाश खाली जाणे आणि मंद झीज यांचा मेळ बसावा लागतो. झीज फार जलद असेल, तर गॉसन साचण्याआधीच वाहून जाते. कॅनडा व स्कँडिनेव्हिया येथे हिमयुगातील बर्फाने जुनी गॉसने खरवडून नेल्यामुळे तेथे ती क्वचित व पातळ आढळतात. ऑस्ट्रेलियाचा अंतर्भाग, उत्तर चिली, दक्षिण स्पेन व राजस्थान येथे ती ठळक आहेत. गॉसनाचे वय काढण्यास त्यातील व समृद्ध थरातील पोटॅशियमयुक्त सल्फेटी खनिजे, विशेषतः ॲल्युनाइट व जारोसाइट, उपयोगी पडतात. चिलीतील एस्कोंदिदा येथील ॲल्युनाइटाचे वय पोटॅशियम–आर्गॉन पद्धतीने सु. १.८ ते १.४ कोटी वर्षे आले. त्यानंतर आटाकामा प्रदेश इतका कोरडा झाला की ही क्रिया जवळजवळ थांबली आणि तयार झालेला थर झिजेपासून वाचला.

गॉसनाचे वाचन : गॉसनावरून खालच्या खनिजांचा अंदाज बांधण्याचे काम विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात पद्धतशीरपणे सुरू झाले. ऑगस्टस लॉक यांचा निक्षालित दृश्यांश व तांबे यांवरील ग्रंथ १९२६ मध्ये प्रसिद्ध झाला. रोलंड ब्लँचर्ड व पी. एफ्. बॉझवेल यांनी निरनिराळ्या सल्फाइडांपासून बनणाऱ्या लिमोनाइटाच्या घडणींचा तपशीलवार अभ्यास केला आणि ब्लँचर्ड यांचा सर्वसंग्राहक ग्रंथ १९६८ मध्ये नेव्हाडाच्या खाण विभागाने प्रसिद्ध केला. या अभ्यासाचा पाया साधा आहे. सल्फाइडाचा कण कुजताना त्याच्या भेगांत व पाटनाच्या पृष्ठांवर लिमोनाइट व सिलिका यांचे पातळ पडदे साचतात. मग मूळ कण विरघळून गेला, तरी पडद्यांची चौकट उभी राहते. गॅलेनाचे पाटन घनाकार असल्याने त्याची चौकट पायऱ्यांसारखी काटकोनी दिसते. स्फॅलेराइटाची चौकट स्पंजासारखी अनियमित असते. तांब्याच्या सल्फाइडांपासून डांबरासारखे चकचकीत, गडद लिमोनाइट बनते. पायराइटाच्या घनांच्या मात्र पुष्कळदा नुसत्या रिकाम्या खळग्या उरतात. हा दगडी सांगाडा भिंगाखाली पाहून, जे निघून गेले आहे त्याची ओळख पटविणे म्हणजे गॉसनाचे वाचन होय.

लिमोनाइट जेथे आहे तेथेच बनलेले आहे की वाहून आलेले आहे, हे आधी ठरवावे लागते. पायराइट पुष्कळ व भोवतालचा खडक क्वॉर्ट्झासारखा निष्क्रिय असेल, तर अम्ल उदासीन होत नाही. लोह व तांबे दोन्ही वाहून जातात, खडक पांढरट पडतो आणि तांबडा साका उताराखाली, मूळ जागेपासून बऱ्याच अंतरावर साचतो. खडकात फेल्स्पार वा कार्बोनेटे असतील, तर अम्ल जागच्या जागी मारले जाऊन लिमोनाइट मूळ खळग्यांतच बसते. म्हणून अननुभवी माणसाला जो भाग सर्वांत तांबडा व आशादायक वाटतो तो पुष्कळदा पोकळ दिलासाच असतो आणि खरे धातुक त्याच्या वरच्या बाजूस, फिकट पडलेल्या खडकाखाली असते. रंगाच्या छटाही अर्थपूर्ण असतात. पिवळे जारोसाइट मुबलक असेल, तर पायराइट अधिक व तांबे कमी होते असे समजतात. चॅल्कोसाइट कुजून झालेल्या भागात हेमॅटाइटाची तपकिरी लाल ते किरमिजी छटा दिसते. एस्कोंदिदाचा निक्षेप १९८१ मध्ये वेधन करून सापडला, तेव्हा वरच्या जाड निक्षालित आवरणात तांबे जवळजवळ नव्हते. आवरणातील हेमॅटाइटावरून खाली चॅल्कोसाइटाचा थर असावा हे अनुमान खरे ठरले व जगातील तांब्याच्या सर्वांत मोठ्या खाणींपैकी एक तेथे उभी राहिली.

फसवी गॉसने : लोहाने तांबडा झालेला प्रत्येक दगड गॉसन नसतो. महाराष्ट्रातील वाचकाला सर्वांत परिचयाचे उदाहरण कोकण-गोव्यातील जांभा दगडाचे आहे. तोही सच्छिद्र, तांबडा व लोहाच्या ऑक्साइडांनी भरलेला असतो, पण तो बेसाल्टासारख्या सामान्य खडकांतील सिलिका उष्ण व पावसाळी हवामानात निघून गेल्याने बनतो. त्याच्या तळाशी सल्फाइडे नसतात. (जांभ्याला १८०७ मध्ये ‘लॅटेराइट’ हे शास्त्रीय नाव देणाऱ्या फ्रान्सिस बुखॅनन यांनी केरळातील अंगाडिपुरम येथील दगड पाहिला होता.) गोव्यातील लोह धातुके पट्टित लोहमय खडकांतील सिलिका कमी होऊन समृद्ध झालेली आहेत. नागपूर व भंडारा जिल्ह्यांतील काळे दृश्यांश मँगनीजयुक्त गाळांच्या रूपांतरणातून आलेले आहेत. या कशालाही गॉसन म्हणता येत नाही. भूमिजलातून आलेले लोह दलदलीत वा वालुकाश्माच्या भेगांत साचूनही असेच तांबडे दगड बनतात.

हा भेद किती महत्त्वाचा आहे ते पश्चिम ऑस्ट्रेलियात दिसून आले. कंबाल्डा येथे १९६६ मध्ये वेधनात निकेलाचे सल्फाइडी धातुक लागल्यावर त्या भागात निकेलासाठी झुंबड उडाली आणि १९६९ च्या अखेरीस पोसायडन कंपनीचे भाग अचाट किमतीला जाऊन पुढे कोसळले. त्या काळात हजारो लोहमय दगडांचे नमुने गोळा झाले. त्यांपैकी कित्येकांत निकेल भरपूर होते. परंतु तेथील अत्यल्पसिलिक खडकांतच मुळात निकेल असल्याने ते खडक जांभ्यासारखे कुजले, तरी निकेल वाढते. त्यामुळे एकट्या निकेलावर विसंबून चालत नाही. खऱ्या गॉसनात निकेलाबरोबर तांबे व प्लॅटिनम गटातील पॅलेडियम, इरिडियम यांसारख्या धातूंचे अंश असतात आणि क्रोमियम व मँगनीज कमी असतात. फसव्या दगडात बहुधा याच्या उलट असते. दशलक्षांश वा अब्जांश भागांत मोजाव्या लागणाऱ्या मूलद्रव्यांचे असे गुणोत्तर पाहण्याची पद्धत त्यानंतरच रूढ झाली. आता हातात धरून वापरावयाच्या क्ष-किरण उपकरणाने पुष्कळ मूलद्रव्यांचे प्रमाण जागेवरच कळते. गोएथाइट, हेमॅटाइट व जारोसाइट सु. ०.८५ ते ०.९५ मायक्रोमीटर तरंगलांबीच्या जवळपास अवरक्त किरण निरनिराळ्या प्रमाणांत शोषून घेत असल्याने कृत्रिम उपग्रहांवरील प्रतिमांतही ती वेगळी ओळखता येतात. तथापि प्रतिमेत दिसलेल्या डागापाशी जाऊन दगड फोडून पाहण्याला पर्याय निघालेला नाही.

काही प्रसिद्ध गॉसने : कॉर्नवॉल–डेव्हन सीमेवरील टेमार नदीच्या खोऱ्यात १८४४ मध्ये गॉसनाखाली तांब्याची रुंद शिरा लागली व डेव्हन ग्रेट कॉन्सॉल्स ही खाण निघाली. तिच्या एका पौंडाच्या भागाची किंमत अल्पावधीत शेकडो पौंडांवर गेली. गॉसनावर विश्वास ठेवणाऱ्या कॉर्निश खाणकामगारांची समजूत त्यामुळे अधिकच दृढ झाली व परदेशी जाताना हा शब्दही ते आपल्याबरोबर घेऊन गेले.

ऑस्ट्रेलियातील ब्रोकन हिल येथील टेकडीचा माथा मँगनीज व लोह यांच्या ऑक्साइडांनी काळा पडलेला होता. संशोधक प्रवासी चार्ल्स स्टर्ट १८४४ मध्ये त्या डोंगररांगेतून गेला, पण त्याला त्यात काही वावगे दिसले नाही. १८८३ मध्ये मेंढवाड्याच्या कुंपणांवर देखरेख करणाऱ्या चार्ल्स रॅस्प यांनी तो काळा दगड कथिलाचा असावा असे समजून जागेवर हक्क नोंदविला. कथिल निघाले नाही आणि आरंभीच्या आमापनांत थोडे शिसे व नाममात्र चांदी आढळली. एवढ्यावर काम थांबले असते, तर नवल नव्हते. परंतु नेटाने खणल्यावर ऑक्सिडीभूत भागात चांदीचे क्लोराइड सापडले व १८८५ मध्ये कंपनी स्थापन झाली. हा भाग संपत आल्यावर खालचे शिसे-जस्ताचे मिश्र सल्फाइडी धातुक वेगळे करणे जमेना. त्या अडचणीतून विसाव्या शतकाच्या प्रारंभी तेथे विकसित झालेली प्लवन पद्धत (बुडबुड्यांच्या साहाय्याने खनिजकण तरंगवून अलग करण्याची पद्धत) पुढे जगभर पसरली.

स्पेनच्या वेल्वा प्रांतातील रीओ तिंतो येथील गॉसन प्राचीन काळापासून खणले जात आहे. तेथे गॉसनाच्या तळाशी असलेल्या जारोसाइटयुक्त मातीसारख्या थरातून रोमनांनी चांदी काढली. गॉसनातील अल्प सोने-चांदी काढण्याचे काम विसाव्या शतकातही झाले. जारोसाइट हे नाव स्पेनमधीलच हारोसो या घळीवरून आले आहे. त्याच खनिजपट्ट्यात सेव्हिलजवळ लास क्रूसेस येथे मूळ निक्षेपावरील गॉसन सु. १०० मी.हून अधिक जाडीच्या नंतरच्या गाळांखाली गाडले गेलेले असून ते गुरुत्वमापनाच्या आधारे १९९४ मध्ये सापडले. सल्फाइडे कुजण्याने रीओ तिंतो नदीचे पाणी तांबडे व तीव्र अम्लीय झाले आहे. मंगळावर मेरिडियानी मैदानात ‘ऑपॉर्च्युनिटी’ या फिरत्या यानाला २००४ मध्ये जारोसाइट आढळल्यापासून या नदीचा अभ्यास मंगळावरील प्राचीन पाण्याच्या संदर्भातही केला जातो.

ज्या विक्रियेने निसर्गात लक्षावधी वर्षांत गॉसन बनते तीच खाणीमुळे काही दशकांत घडू शकते, कारण बोगदे व फोडलेला दगड यांच्यामुळे ऑक्सिजनाला एकदम मोकळी वाट मिळते. कॅलिफोर्नियातील आयर्न मौंटनला त्याच्या गॉसनामुळेच हे नाव पडले. तेथील सोडून दिलेल्या खाणीत पीएच मूल्य −३.६ असलेले पाणी आढळल्याचे २०००मध्ये प्रसिद्ध झाले. निसर्गात मोजलेल्या पाण्यांत इतके अम्लीय पाणी क्वचितच आढळले असेल. या खाणीच्या पाण्याचे शुद्धीकरण पुढे दीर्घकाळ चालू ठेवावे लागणार आहे.

भारत : भारतात सर्वांत ठळक गॉसने राजस्थानातील अरवली पट्ट्यात आहेत. तेथील प्राचीन खाणवाल्यांनी ती चांगली ओळखली होती. राजपुरा–दरिबा (आता राजसमंद जिल्हा), आगुचा (भिलवाडा) व झावर (उदयपूर) येथील जुन्या खाणी इ. स. पू. पहिल्या सहस्रकापर्यंत मागे जातात. चांदी, शिसे, तांबे व झावरला पुढे जस्त यांसाठी त्या खणल्या गेल्या. गॉसन फोडून खाली उतरलेले जुने बोगदे, त्यांतील लाकडी आधार आणि धातुमळीचे ढिगारे यांवरून आधुनिक भूवैज्ञानिकांना माग मिळाला. तांबे व शिसे कोठे आहे हे ज्यांना दगडाच्या रंगावरून व वजनावरून कळत होते त्यांनी स्वतःविषयी लिहून काही ठेवलेले नाही. त्यांच्या ज्ञानाचा पुरावा खणलेल्या जागांच्या अचूकपणात आहे. रामपुरा–आगुचा येथील निक्षेप १९७७ मध्ये राज्याच्या खाण व भूविज्ञान विभागाला गॉसन आणि जुन्या खाणकामाच्या खुणा यांच्या आधारे सापडला. १९९१ मध्ये उघड्या खाणीने सुरू झालेले तेथील खनन पुढे भूमिगत झाले असून जस्ताच्या जगातील मोठ्या खाणींत तिची गणना होते. गॉसन मात्र खाणीच्या तोंडाशीच असल्याने अशा ठिकाणी ते प्रथम नाहीसे होते. मध्य प्रदेशातील बालाघाट जिल्ह्यात मलाजखंड येथे तांब्याची उघडी खाण १९८२ मध्ये सुरू झाली. तेथील निक्षेपाच्या वरच्या भागात मॅलॅकाइट व अझुराइट आणि त्याखाली चॅल्कोसाइट आढळले.

महाराष्ट्राचा बराचसा भाग दक्षिण ट्रॅपच्या बेसाल्टांनी झाकलेला असल्याने त्याखालील प्राचीन खडकांतील सल्फाइडी निक्षेप असलेच, तर ते भूपृष्ठावर खूण दाखवीत नाहीत. जुने खडक उघडे असलेल्या पूर्वेकडील नागपूर व चंद्रपूर जिल्ह्यांतच तांबे व जस्त यांची सल्फाइडे भूवैज्ञानिक सर्वेक्षणात आढळली आहेत आणि गॉसनाचा शोध घ्यावयाचा तर तो या पट्ट्यातच घ्यावा लागतो. राजपुरा–दरिबा येथील गॉसनाला भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेने राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारक म्हणून घोषित केले आहे.